बाबांना गिळता येत नाही, आई भरवायचं थांबत नाही

प्रश्न:
बाबांना ग्लायोब्लास्टोमा आहे, म्हणजे मेंदूतली कॅन्सरची गाठ, ग्रेड ४. १४ महिन्यांपूर्वी ऑपरेशन झालं, मग ६ आठवडे रेडिएशन, टेमोझोलोमाइडच्या (केमोच्या) गोळ्या. गाठ परत आली. महिन्याभरापूर्वी डॉक्टरांनी सांगितलं, आता उपचारांनी त्रासच वाढेल. तेव्हापासून हॉस्पिसची, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या सेवेची, नर्स घरी येते.

आठवडाभर बाबा दिवसातले १८-२० तास झोपूनच असतात. चमचाभर पाण्यानेही ठसका लागतो, घास गालात तसाच राहतो. आई तरी वाटी घेऊन तास-तास बसते. "यांना उपाशी कसं ठेवू?" म्हणते. काल ठसक्याने बाबा निळे पडले. मी आईच्या हातातली वाटी हिसकावली आणि तिच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा.

अन्नासाठी नळी घालावी का? बाबा भुकेने जातील का? आणि डेक्सामेथासोनची (सुजेवरची) गोळी गिळत नाहीत, तर ती बंदच करायची?

उत्तर १:
मी पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करणाऱ्या सेवेत, नर्स आहे. आधी गोळीचं. ती परस्पर बंद करू नका. गाठीभोवतीची सूज तिने आवरलेली असते; एकदम थांबली तर डोकेदुखी, उलट्या उसळू शकतात. पातळ औषध, कातडीखाली इंजेक्शन किंवा हळूहळू डोस उतरवणं, असे मार्ग आहेत. फिटच्या गोळ्या चालू असतील तर त्यांचंही विचारा. पुढच्या भेटीची वाट नका पाहू, आजच फोन करा. फिट आलीच तर नाकात किंवा गालात द्यायचं मिडाझोलाम घरी ठेवता येईल का, तेही विचारा, आणि कसं द्यायचं ते शिकून घ्या.

या टप्प्यावर नळीने सहसा आराम मिळत नाही, अन्न फुफ्फुसात जायचा धोकाही टळत नाही. शरीर मिटत आलं की भूक आपोआप मंदावते. बाबा आजाराने जात आहेत, तुमच्या आईने भरवलं नाही म्हणून नाही. पूर्ण जागे असतील, टेकून बसवता येत असेल आणि त्यांनी तोंड उघडलं, तर चवीपुरता थेंब. झोपेत कधीच नाही.

उत्तर २:
तुमच्या घरात आई आहे तिथे मी होतो. बायकोच्या गाठीचं निदान झाल्यापासून औषधांची वही, जेवणाच्या वेळा, सगळं मी सांभाळलं. तिचं खाणं थांबलं तेव्हा माझे हात रिकामे झाले, आणि तेच मला सोसवेना. मला कुणी समजावलं असतं तरी ऐकलं नसतं. नर्सने माझ्या हातात तोंड ओलं करायची स्पंजची काडी दिली. "दर तासाला, हे तुमचं काम." ओठांना मलम, दोन-दोन तासांनी कूस बदलणं, हेही माझ्याकडेच आलं. आईकडून वाटी घेतलीत, तर बदल्यात काहीतरी द्या.

आणखी एक, कारण मला हे कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी श्वास मध्येच थांबतो, पुन्हा सुरू होतो. घशात घरघर होते. कुशीवर वळवलं की बहुतेकदा कमी होते. आईला हे आधीच सांगून ठेवा.

प्रश्नकर्ती:
फोन केला. औषध आता कातडीखाली देताहेत. आईची माफी मागितली, ती काहीच बोलली नाही. दुपारी मी काडी ओली करत होते, तर म्हणाली, "दे इकडे, तुला जमत नाही." मग बाबांच्या कानाशी वाकून विचारलं, "गार लागतंय का?"

तेव्हापासून तीच बसली आहे. मी आज दोन तास झोपले.