पुन्हा: स्टोअररूम आणि नर्सरीच्या जागा (तातडीचं)

मृणाल:
मंडळी, मी १ सप्टेंबरला कामावर रुजू होतेय. इथे इंग्लंडमध्ये नोकरदार पालकांना आठवड्याला ३० तास सरकारी खर्चाने नर्सरी मिळते, त्याचा कोड जुलैतच काढून ठेवलाय, पण तिन्ही नर्सऱ्या 'वेटिंग लिस्ट' म्हणतात. एकीने फक्त मंगळवारची दुपार देऊ केली! आपल्या मंडळाच्या हॉलमधली प्रीस्कूल तान्ह्या बाळांसाठी वेगळी खोली (बेबी रूम) सुरू करायला तयार आहे. त्यासाठी आपली स्टोअररूम हवी, अडलंय फक्त तिथेच.

नीलिमा:
स्टोअररूम नाही. मखर, समया, शनिवारच्या शाळेची पुस्तकं कुठे ठेवू? मागे 'दोनच आठवडे' म्हणून हलवलं होतं, तेव्हा काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

केदार:
ताई, खोली मी मोजली. जेमतेम ११ चौरस मीटर. दोन वर्षांखालच्या बाळाला माणशी ३.५ लागतात, म्हणजे तीन बाळं. तीन बाळांमागे एक बाई, हिशोब चोख बसतो. आणि मृणाल, कौन्सिलच्या (आपल्या इथल्या नगरपालिकेच्या) फॅमिली इन्फर्मेशन सर्व्हिसला फोन कर, नर्सऱ्यांची माहिती तेच देतात. २००६ च्या चाइल्डकेअर अ‍ॅक्टप्रमाणे नोकरदार पालकांना पुरेशी सोय मिळते ना, हे पाहणं कौन्सिलचं काम आहे. पण 'शक्य तितपत' अशी पळवाट त्यातच आहे. कौन्सिल काही स्वतः नर्सरी उघडून देत नाही. कुठे किती जागा कमी पडतात याचा अहवाल दरवर्षी नगरसेवकांपुढे जातो. त्याचा सर्व्हे मे महिन्यात इथे टाकला होता. दोघांनी भरला, त्यातला एक मी.

सुहासकाका:
तो ढोलपथकाच्या मेलखाली टाकलास, कोण बघणार? मृणाल, सरळ आईला बोलाव. आमची दोन्ही मुलं आजीनेच वाढवली.

अश्विनी:
काका, व्हिजिटर व्हिसावर आजीने थोडे दिवस नातवंड सांभाळलं तर चालतं, तिला चाइल्डमाइंडर, म्हणजे मूल सांभाळायच्या कामासाठी, म्हणून आणलेलं चालत नाही. माझ्या आईला विमानतळावर 'मुलगी नोकरी करते का?' हेच तीनदा विचारलं. आणि आमच्या दोघांच्याही व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' (सरकारी मदतीचा हक्क नाही) असा शिक्का, म्हणून ३० तासांचा कोडच नाही. लेक तीन वर्षांची झाली की सगळ्यांना मिळतात ते १५ तास, तेवढेच.

केदार:
काका, ढोलपथकाचा मेल वेगळा होता. तारीख बघा.

मृणाल:
नीलिमाताई, मखर माझ्या गॅरेजमध्ये ठेवते. किल्ली कोणाकडे आहे?

नीलिमा:
माझ्याकडे. तुझ्या गॅरेजला ओल आहे ना? थर्माकोल नाही, लाकडाचं आहे ते. आधी येऊन बघते.