तिन्ही धान्यकट्ट्यांचा (गरजू विद्यार्थ्यांनी लागेल ते न्यायचं अशा जागा) साठा : जुळे सोलापूर सोसायटी ग्रुप

पाटील काका (बी-204): तिन्ही कट्ट्यांसाठी मिळून तूरडाळ घ्यावी म्हणतो. मार्केट यार्डात 50 किलोचं पोतं स्वस्त पडेल.

शिंदे वहिनी (ए-102): घ्या, पण लगेच तिन्ही कट्ट्यांत वाटा. पावसाळ्यात एका जागी ठेवली की भुंगे धरतात. दोन दिवस उन्हात घालायची आणि पार गार झाल्यावरच डब्यात भरायची. कोमट भरली की झाकणाला आतून घाम येतो, मग बुरशी.

पाटील काका: किडीच्या गोळ्या टाकू का? दुकानदार देतोय.

शिंदे वहिनी: अजिबात नको हो! त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असल्या तर ओल लागून विषारी वायू सुटतो. होस्टेलच्या कट्ट्याला लागूनच पोरं झोपतात.

महेश (सी-301): होस्टेलला डाळ-तांदूळ पाठवूच नका, खोलीत शेगडी चालत नाही. तिकडं कडक भाकरी, शेंगा चटणी, फुटाणे, राजगिऱ्याचे लाडू. भाकरी पाच-पाचच्या पाकिटात, तोंड घट्ट बंद. सादळली की कुणी नेत नाही. चटणी 100 ग्रॅमच्या पुड्यांत, मोठी बरणी उघडीच राहते नि खवट होते.

शिंदे वहिनी: आणि ज्वारी साठवा, पीठ नव्हे. आठवड्याला 10 किलोच दळा. उन्हाळ्यात जुनं पीठ कडवट होतं, भाकरी थापताना चिरते. किलोला मध्यम 11-12 भाकरी निघतात.

देशमुख काकू (बी-402): रविवारी आमच्याकडं कार्यक्रम आहे. उरलेला मसालेभात दिला तर?

महेश: काकू, शिजवलेलं नको. भात उघड्यावर दोन तास म्हणजे हद्द, बत्तीस अंशांच्या वर उकाडा असेल तर तासभरच. त्याऐवजी कोरडा तांदूळ द्या की.

पाटील काका: बिस्किटांवरची तारीख उलटलीय, टाकून देऊ?

महेश: ‘बेस्ट बिफोर’ असेल तर पुडा फोडून वास-चव बघा, बरा वाटला तर आधी तोच संपवा. ‘एक्सपायरी’ किंवा ‘यूज बाय’ असेल तर सरळ टाका.
महेश: मोजणी शनिवारी संध्याकाळी. रविवारी रात्री मेस बंद, सगळी झुंबड तेव्हाच. शीटवर वस्तू, किलो, कट्टा, तारीख, मोजणाऱ्याचं नाव. मुलांची नावं नकोत.

पाटील काका: मग एकच पोरगा तिन्हीकडून नेईल की!

शिंदे वहिनी: नेऊ द्या हो, दोन-तीन किलोचा प्रश्न आहे. नाव लिहायला लावलं की खरा गरजू पहिल्यांदा यायचं थांबतो.

महेश: शनिवारी 5 ला टेम्पो गेटवर. रिकामे डबे धुऊन, कोरडे करून आणा. मागच्या खेपेला तीन ओले होते.