खिडक्या उघड्या ठेवण्याबद्दल
घरात भिंतींवर बुरशी येऊ नये म्हणून खिडक्या दिवसभर उघड्या ठेवा असं सांगतात, ते कोरड्या हवेत बरोबर आहे, पण बाहेरच पावसाळी दमट हवा असेल तर तोच ओलावा आत येऊन गार भिंतीवर बसतो आणि बुरशीला तेवढं पुरतं. आर्द्रता मोजायचं छोटं मीटर मिळतं ते घ्याच, आकडा ६० टक्क्यांच्या खाली, जमलं तर ३० ते ५० मध्ये ठेवायचा.

आणि कपाटांचंही लक्षात ठेवा, ती बाहेरच्या भिंतीला अगदी चिकटवून ठेवू नका. आमच्याकडे बुरशी कायम कपाटामागेच यायची, चार बोटं जागा सोडल्यापासून मागे हवा फिरते आणि भिंत कोरडी राहते. गळती असेल तर मात्र आधी ती बंद करा, नुसता वरून रंग मारून खरंच काही होत नाही, आणि भिजलेली गादी, गालिचा वगैरे २४ ते ४८ तासांत वाळलंच पाहिजे.