मदत हवी आहे : ओल्या रस्त्यावर अचानक ब्रेक दाबताना ताबा कसा राखावा?

नमस्कार. गेल्या आठवड्यात भर पावसात पुढची गाडी एकाएकी थांबली, तेव्हा मी पूर्ण जोराने ब्रेक दाबला. परंतु पायाखाली पेडल थरथरू लागताच घाबरून पाय उचलला आणि धडक जेमतेम टळली. ती थरथर म्हणजे एबीएस (अँटी-लॉक ब्रेक यंत्रणा) चाके लॉक होऊ, म्हणजे फिरायची थांबून घसरू, देत नसल्याची खूण असून पेडल तसेच दाबून धरत स्टिअरिंग वळवायचे असते, हे मला ठाऊक होते, तरीही ऐन वेळी पायाने ऐकले नाही, याची फार काळजी वाटते. घरातील जुन्या गाडीत एबीएस नाही. तिची चाके लॉक झाल्यास ब्रेक किंचित सैल करून पुन्हा दाबावा लागतो. दोन्ही गाड्या चालवणाऱ्याने या परस्परविरुद्ध सवयी कशा अंगवळणी पाडाव्यात? मोकळ्या जागेत असा सराव कोणी केला असल्यास सुरुवात किती वेगाने केली, तेही कृपया सांगावे.