‘ओळ तुटते’ की ‘पंक्तिभंग होतो’?

लातूरकर:
पोरांसाठी लिनक्सच्या प्रॅक्टिकलचं टिपण मराठीत लिहायलोय, एका वाक्यावर अडलोय. शा-512 चा बायनरी हॅश, म्हणजे फाइल ताडून बघायचा ठसा, बेस-64 मध्ये, म्हणजे साध्या अक्षरांत, काढला की 88 अक्षरं होतात. हे करणारं ओपनएसएसएल हे साधन 64 अक्षरं झाली की खाली उतरतं, उरलेली 24 दुसऱ्या ओळीत. मी लिहिलं, ‘इथं ओळ तुटते’. तपासणाऱ्या सरांनी खोडून ‘पंक्तिभंग होतो’ केलं. पोरं विचारतील, जेवणं झाली का?

नांदेडकर:
सरांचं काय चुकलं? ‘तुटते’ म्हटलं की पुढचा मजकूर गेला असं वाटतं. परिभाषा वापरूनच अंगवळणी पडते.

परभणीकर:
‘दुमडते’ म्हणा. युनिक्समध्ये लांब ओळी आखूड करणाऱ्या कमांडचं नावच ‘फोल्ड’ आहे. जुन्या पोथ्यांत तरी काय होतं? कागद संपला की खाली यायचं. ओवी कुठं संपली ते दंड सांगायचे.

लातूरकर:
पोथीत कागद संपतो, दादा. इथं मधोमध न्यूलाइनचं, म्हणजे नवी ओळ सुरू करणारं, खरंखुरं अक्षर घुसतं. स्क्रिप्टमध्ये दोन हॅश ताडून बघितले की ‘जुळत नाही’ येतं, अन् पोरगं चांगली फाइल खराब समजून परत डाउनलोड करत बसतं. हे दुमडणं कसलं?

बीडकर:
अहो, ओळ मोडूच देऊ नका की! ओपनएसएसएलच्या बेस-64 ला हायफन कॅपिटल ए द्या, सगळं एका ओळीत येतं. लिनक्सची नुसती बेस-64 कमांड असेल तर हायफन डब्ल्यू शून्य; ती 76 वर मोडते. 76 ही ईमेलच्या माइम या प्रमाणाची मर्यादा, 64 पेमची, म्हणजे किल्ल्या-प्रमाणपत्रांच्या फाइलींची. शा-256 वाल्यांना हा ताप कळतच नाही, 44 अक्षरांतच काम भागतं.

नांदेडकर:
म्हणजे तुमचं तिसरंच, ‘मोडते’!

बीडकर:
बोलताना तेच येतं तोंडात. कमांड चालली का ते सांगा.

पैठणकर:
आमचे आजोबा निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले. ओळीला ‘सतर’ म्हणायचे. ‘सतर तुटली’ लिहा, सरांना खोडायला काही सापडायचं नाही.

नांदेडकर:
मराठी टिपणात आता उर्दू?

पैठणकर:
मग सतरंजी गुंडाळा. तीही सतरवरूनच आली असणार, ओळीओळींची म्हणून.

परभणीकर:
छे, सतरंजी ‘शतरंज’वरून. चौकटींची असायची. ‘असणार’वर व्युत्पत्ती चालत नसते.

पैठणकर:
मग आमच्या घरच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कामून हायत?