कोल्हापूरच्या सर्किट बेंचला कायम खंडपीठाचा दर्जा आताच द्यावा का?

करवीरकर (मूळ लेखन)

मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (मुख्य ठिकाणाबाहेर बसणारे, पण कायम दर्जा नसलेले पीठ) 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात बसू लागले आणि सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची अनेक दशकांची मागणी मान्य झाली. परंतु ही मान्यता अर्धीच आहे. राज्य पुनर्रचना कायदा, 1956 च्या कलम 51(3) खाली, राज्यपालांच्या संमतीने मुख्य न्यायमूर्तींनी काढलेल्या अधिसूचनेवर हे बेंच उभे आहे. जे एका अधिसूचनेने आले ते दुसऱ्या अधिसूचनेने जाऊही शकते. याउलट कलम 51(2) खालील कायम खंडपीठ राष्ट्रपतींच्या आदेशाने स्थापन होते. ते सहजासहजी हलवता येत नाही. हा दर्जा मिळवण्याची मागणी आत्ताच लावून धरली पाहिजे, असे माझे मत आहे.

मुंबईत वकिली करणाऱ्यांना हा आग्रह भावनिक वाटतो. त्यांनी बेंच येण्यापूर्वी कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने येणारा पक्षकार डोळ्यांसमोर आणावा. रात्रभर प्रवास करून तो सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरतो, स्थानकातच तोंड धुतो, कागदांची पिशवी काखेत मारून फोर्टातल्या उच्च न्यायालयात पोहोचतो आणि दिवसभर मागच्या बाकावर बसून राहतो. त्याचे प्रकरण बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीत, खाली कुठेतरी असते. संध्याकाळी न्यायालय उठते आणि वकील सांगतात, "आज पोहोचलं नाही, पुढची तारीख कळवतो." रात्री परतीची गाडी. खटला जमिनीच्या एका तुकड्याचा असेल, तर काही तारखांतच त्या तुकड्याच्या उत्पन्नाहून खर्च जास्त होतो.

अनिता कुशवाह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2016 मध्ये न्याय मिळवण्याची संधी हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि न्याययंत्रणा अंतराच्या दृष्टीनेही आवाक्यात असली पाहिजे, असे स्पष्ट केले. औरंगाबादला 1981 मध्ये याच 51(3) खाली न्यायमूर्ती बसू लागले आणि 1984 मध्ये ते कायम खंडपीठ झाले. कर्नाटकात धारवाड आणि गुलबर्गा येथील सर्किट बेंच 2008 मध्ये सुरू झाली, 2013 मध्ये कायम झाली. कोल्हापूरने थांबण्याचे कारण काय?

फोर्टकर

करवीरकर यांच्या पक्षकाराविषयी मला आदर आहे, पण त्याच्या दुखण्याचे निदान त्यांनी चुकवले आहे. ते प्रकरण बोर्डावर पोहोचले नाही, याचे कारण न्यायालय मुंबईत होते हे नसून न्यायमूर्ती कमी होते हे आहे. मुंबई उच्च न्यायालयात मंजूर पदे 94 आहेत आणि ती गेली कित्येक वर्षे पूर्ण भरलेली नाहीत. मुंबई, नागपूर, औरंगाबाद, गोवा आणि आता कोल्हापूर, या सगळ्यांना न्यायमूर्ती याच एका संख्येतून द्यायचे आहेत. कोल्हापूरला बेंच दिले म्हणून पदे वाढलेली नाहीत. म्हणजे जे न्यायमूर्ती तिकडे गेले, तेवढे इथल्या बोर्डांवरून उठले.

दुसरा मुद्दा रोजच्या कामकाजाचा आहे आणि तो सभांमध्ये कोणी बोलत नाही. सुरुवातीला कोल्हापुरात एक द्विसदस्यीय पीठ आणि दोन एकल पीठे, अशी रचना झाली. समजा त्या द्विसदस्यीय पीठातील एका न्यायमूर्तींनी वकील असताना त्याच पक्षकाराचे वकीलपत्र घेतले होते. ते साहजिकच "नॉट बिफोर मी", म्हणजे हे प्रकरण माझ्यापुढे नको, असे म्हणणार. मुंबईत असे प्रकरण शेजारच्या पीठापुढे जाते. कोल्हापुरात शेजारचे पीठ नसेल तर ते प्रशासकीय आदेशाची वाट पाहत पडून राहते. फौजदारी अपिले, रिट याचिका, जनहित याचिका हे सगळे दोन न्यायमूर्तींनीच ऐकायचे म्हटले, तर जामिनासाठी कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात बसलेल्या माणसाचे सर्क्युलेशन (प्रकरण तातडीने बोर्डावर घेण्याची विनंती) आणि साखर कारखान्याच्या निवडणुकीचे सर्क्युलेशन एकाच सकाळी एकाच दारात उभे राहते.

कलम 51(3) चा तात्पुरतेपणा हा दोष नाही, ती सोय आहे. औरंगाबादच्या व्यवस्थेला आव्हान मिळाले तेव्हा, 1982 च्या नारायण शामराव पुराणिक प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने मुख्य न्यायमूर्तींचा हा अधिकार उचलून धरला आणि 51(3) खाली न्यायमूर्ती अन्यत्र बसल्याने उच्च न्यायालयाचे प्रादेशिक विभाजन होत नाही, असे म्हटले. कायम खंडपीठ झाले की असे विभाजन होते. कामाचा बोजा पाहून न्यायमूर्ती कमी-जास्त करण्याची, एखादा जिल्हा इकडचा तिकडे करण्याची मोकळीक त्यानंतर राहत नाही.

भीमाकाठ

जिल्हा इकडचा तिकडे करण्याचा विषय निघालाच आहे म्हणून सोलापूरकरांची बाजू मांडतो. सोलापूरहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री बसले की सकाळी मुंबई. आता वंदे भारतही आहे. कोल्हापूर किलोमीटरने जवळ आहे हे खरे, पण अक्कलकोट तालुक्यातील माणसाने आधी सोलापूर गाठायचे आणि मग मंगळवेढा, सांगोला, मिरज करत पश्चिमेकडे जायचे. शिवाय ज्यांची प्रकरणे मुंबईत वर्षानुवर्षे ज्या वकिलांकडे होती, त्यांना एक तर नवा वकील करावा लागतो किंवा जुन्या वकिलाचा कोल्हापूरचा प्रवासखर्च सोसावा लागतो. नवा वकील म्हणजे नवी फी आणि पहिल्या पानापासून पुन्हा सगळे समजावणे. मी सर्किट बेंचच्या विरोधात नाही. सहा जिल्ह्यांची ही मोट घाईने बांधली गेली आणि कायम दर्जा देताना ती तशीच गोठवली जाईल, ही माझी हरकत आहे.

करवीरकर

फोर्टकर यांचा "नॉट बिफोर मी"चा मुद्दा खरा आहे. पण तो कायम दर्जाच्या बाजूने जातो, विरोधात नव्हे. पीठांची संख्या तुटपुंजी आहे, कारण व्यवस्था तात्पुरती आहे. सध्या बेंच सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयीन इमारतीत बसते, आणि शेंडा पार्कातील जागेवर नवे संकुल उभारायचे आहे. उद्या राहील की नाही हे ठाऊक नसलेल्या बेंचसाठी कोणते सरकार मोठी इमारत, ग्रंथालय, न्यायमूर्तींची निवासस्थाने आणि कर्मचाऱ्यांची कायम पदे मंजूर करील? आधी न्यायमूर्ती वाढू द्या, मग दर्जा पाहू, असे म्हणणे म्हणजे पोहायला आल्याशिवाय पाण्यात उतरू नका, असे सांगणे आहे.

भीमाकाठ यांना एवढेच सांगतो की रेल्वेची सोय बदलते, अंतर बदलत नाही. आणि जुन्या वकिलांनी दूरदृश्य प्रणालीवरून युक्तिवाद करण्याची मुभा मागावी. ती सरसकट मिळाली तर खर्चाची तक्रार उरणार नाही.

तळकोकण

सावंतवाडीकडचा माणूस म्हणून मला सर्किट बेंचचा फायदा झाला आहे. आंबोली घाट चढून आजऱ्यामार्गे कोल्हापूर गाठता येते आणि काम लवकर आटोपले तर त्याच दिवशी घरी परतता येते. मुंबईचा प्रवास पाचशे किलोमीटरच्या आसपासचा. पण रत्नागिरी जिल्हा सरसकट कोल्हापूरला जोडला, तेव्हा मंडणगडचा विचार कोणी केला? मंडणगडहून कोल्हापूरपेक्षा मुंबई जवळ आहे. अंतराच्या नावाने आणलेली व्यवस्था एका संपूर्ण तालुक्याला अधिक लांब नेत असेल, तर जिल्ह्याची हद्द हेच एकमेव माप का धरायचे? 51(3) खाली ही चूक मुख्य न्यायमूर्ती एका अधिसूचनेने सुधारू शकतात. राष्ट्रपतींच्या आदेशात ती शिरली की सुधारणेसाठी पुन्हा दिल्ली. म्हणून माझे मत कायम दर्जाच्या बाजूने, पण तालुकानिहाय फेरआखणी झाल्यानंतरच.

पंचगंगा

एका गोष्टीकडे सगळ्यांनी डोळेझाक केली आहे. नांदणी मठाच्या महादेवी हत्तिणीला गुजरातमधील वनतारा या प्राणी केंद्रात पाठवण्याचा आदेश जुलै 2025 मध्ये मुंबईत झाला आणि कोल्हापूर परिसरात हजारो लोक रस्त्यावर उतरले. तो आदेश बरोबर की चूक, हा इथला विषय नाही. मी स्वतः त्याबद्दल नाराज होतो. प्रश्न असा की तेच प्रकरण कोल्हापुरात, बाहेर मोर्चा उभा असताना, चालले असते तर न्यायमूर्तींवर आणि विशेषतः स्थानिक वकिलांवर किती दडपण आले असते? उच्च न्यायालयाचे थोडे दूर असणे कधी कधी पक्षकारालाही संरक्षण देते, विशेषतः ज्याच्या मागे गाव नाही अशा पक्षकाराला. सहकारी संस्थांच्या वादांत तर हे फारच लागू आहे, कारण इथे कारखाना, बँक आणि दूध संघ यांच्याशी ज्याचे काहीच नाते नाही, असा वकील शोधावा लागतो.

करवीरकर

पंचगंगा यांचा युक्तिवाद मान्य केला तर नागपूर आणि औरंगाबाद येथील खंडपीठेही बंद करावी लागतील, कारण कारखाने, बँका आणि मोर्चे तिथेही आहेत. न्यायमूर्ती स्थानिकच असतात असे नाही. कोणी कुठे बसायचे हे मुख्य न्यायमूर्ती ठरवतात आणि बदलतात. दडपणाला भिऊन न्यायालय लांब ठेवायचे, तर जिल्हा न्यायालयांचे काय करणार? बहुसंख्य लोकांचा संबंध आयुष्यात तिथेच येतो. वकिलांविषयी त्यांनी जे लिहिले, त्यात मात्र तथ्य आहे, आणि त्यासाठीच बाहेरच्या वकिलांना दूरदृश्य प्रणाली खुली राहिली पाहिजे.

तळकोकण यांची मंडणगडविषयीची हरकत रास्त आहे. ती दूर करण्यासाठी मात्र कायम दर्जा रोखून धरण्याचे कारण नाही. 51(2) खालील आदेश राज्यपाल आणि मुख्य न्यायमूर्ती यांच्याशी विचारविनिमय करूनच काढावा लागतो; ही आखणी त्या टप्प्यावर मांडता येईल.

फोर्टकर

विचारविनिमयाच्या टप्प्यावर कोण मांडणार? सहा जिल्ह्यांच्या वकील संघटनांना मंडणगड किंवा अक्कलकोटसाठी आपले क्षेत्र कमी करून घ्यायचे नाही, आणि मुंबईच्या वकिलांनी काही सुचवले की स्वार्थ दिसतो. (आमचा स्वार्थ नाही, असे मी म्हणत नाही, कोल्हापूरचाही आहे.) माझी अट एकच आहे. राज्य सरकारने आणि उच्च न्यायालयाने 94 पदांपलीकडे कोल्हापूरसाठी वेगळी पदे वाढवून घ्यावीत, किमान दोन द्विसदस्यीय पीठे रोज बसतील इतके न्यायमूर्ती तिथे द्यावेत, आणि दाखल झालेली व निकाली निघालेली प्रकरणे तालुकावार जाहीर करावीत. या तीन गोष्टी झाल्या तर 51(2) च्या प्रस्तावावर मी स्वतः सही करीन. तोवर मात्र मुख्य न्यायमूर्तींच्या हातातली मोकळीक काढून घेण्याला माझा विरोध राहील.