दम्याच्या पोराला काय विचारायचं?

चिऊची आई:
एका बालरोगतज्ज्ञांची पोस्ट फिरतेय: 'दम्याच्या मुलाची माहिती आईकडूनच घ्यावी, मूल काहीही सांगतं.' वाचून डोकंच फिरलं. माझी लेक ९ वर्षांची. दोन वर्षं डॉक्टर मलाच विचारायचे, रात्री खोकते का? मी म्हणायचे, नाही. गेल्या महिन्यात नव्या डॉक्टरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. 'पंप कसा घेतेस, दाखव बरं.' तिनं पंप दाबला, तोंड मिटलं आणि मग श्वास घेतला. सगळं औषध जिभेवर! रात्री ती उठून उशीला टेकून बसते, हेही तिथंच कळलं. मला उठवत नाही, कारण मला सकाळी सहाला कामावर जायचं असतं.

ओपीडीवाला:
ताई, पावसाळ्यात सकाळच्या ओपीडीत साठ-साठ मुलं असतात. 'त्रास होतो का' विचारलं की सुईच्या भीतीनं मूल 'नाही' म्हणतं. त्यावर औषध ठरवू?

निळीशाई:
मग खेळताना मध्येच थांबावं लागतं का, असं विचारा. ४ ते ११ वयाच्या मुलांसाठी दम्याची प्रश्नावलीच आहे. ७ प्रश्न, त्यातले ४ मुलानंच सोडवायचे, चेहऱ्यांची चित्रं बघून. पालकांच्या वाट्याला ३.

रानवारा:
मुळात पंप कशाला? सवय लागते. माझ्या चुलतभावाला मृगाला हैदराबादला नेऊन माशाचं औषध दिलं, ओळीनं तीन वर्षं. ठणठणीत आहे.

निळीशाई:
बऱ्याच मुलांचा दमा वयात येताना आपोआप कमी होतो. माझ्या भाच्याचा पंप आजीनं 'सवय लागेल' म्हणून कपाटात ठेवला. रात्री दोनला आयसीयूत न्यावं लागलं. नखं निळी पडली होती हो त्याची!

रानवारा:
पंपातून लेकरांना स्टिरॉइड देता आणि वर आम्हालाच शिकवता?

ओपीडीवाला:
पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, गोळीतला मिलिग्रॅममध्ये. पंपाला स्पेसर, म्हणजे ती पोकळ नळी, लावा, नंतर चूळ भरा, हे रोज घसा फोडून सांगतो. आणि केसपेपरवर 'दमा' लिहिलं की आईच भांडते, मुलीचं लग्न जमणार नाही म्हणून. मग बोलायचं कोण टाळतं?

चिऊची आई:
तो शब्द मीही टाळला, कबूल. पण म्हणूनच निळा पंप धाप लागल्यावर आणि दुसरा बरं वाटत असलं तरी रोज, हे तिला कुणी नीट सांगितलंच नाही. शाळेत पोरं 'दमेकरी' म्हणतात म्हणून ती पंप दप्तरातून काढत नव्हती.

ओपीडीवाला:
बरं. उद्यापासून पंप मुलाच्या हातात देऊन बघतो, जमेल तितक्यांना. पण मूल बोलत असताना तुम्ही मध्ये उत्तरं देऊ नका.

चिऊची आई:
देते मी, खरंय. परवा तीच म्हणाली, 'आई, तू जरा बाहेर बस.' बसले.